तुमच्या नावाचं विरंगुळा केंद्र

नाना, तुम्हाला लिहायचं मी फार दिवस टाळलं. वर्षश्राद्धाला लिहू म्हटलं, तर तेव्हा मी गोव्यात एका शॅकवर ग्लास विसळत होतो. मग म्हटलं घरी गेल्यावर लिहू. घरी आलो तर टेम्पोवर जायला लागलो, मग सिमकार्डं विकली, मग आयटीवाल्यांना आणणाऱ्या-सोडणाऱ्या कॅबवर बसलो, मग नुसतंच हंपी बघायला म्हणून गेलो आणि पावसाळाभर तिकडेच राहिलो. तुम्ही म्हणाला असता, एका जागी बूड टेकव. घ्या, टेकवलंय. बारावीच्या पेपरानंतर पहिल्यांदाच एवढं काही लिहितोय, तेव्हा विषय सोडून भरकटलो तर सांभाळून घ्या. पण टाळायचं खरं कारण वेगळंच. मला तुम्हाला लिहायचं नव्हतं, तुमच्याशी भांडायचं होतं, आणि तुम्ही हार घालून फोटोत जाऊन बसलात. आज लिहितोय, कारण येत्या रविवारी तुमच्या नावाच्या पाटीचं उद्घाटन आहे. आईने स्टेजवर बसायचं, पडदा ओढायचा आणि माइकवर दोन वाक्यं बोलायची असं ठरलंय. कुणी ठरवलंय ते तुम्हाला सांगायला नको. ती दोन वाक्यं आई बोलली की तुमच्या पेन्शनचा विषय कायमचा संपला.

पाटी कशाची, तर ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्राची. म्हणजे एक हॉल, बाहेर चार बाकडी, आत एक कॅरम बोर्ड. वर 'कै.' लावून तुमचं नाव, खाली 'संकल्पना', आणि संकल्पनेपुढे भाऊंचं नाव. बाकड्यांच्या पाठीवरही भाऊंचं नाव आहे, म्हणजे टेकून बसलेल्या म्हाताऱ्याच्या पाठीत ते सारखं टोचत राहील. आणि हे सगळं कुठे? आपल्या वावरात. वारज्याकडून येताना डाव्या हाताला तुम्ही ज्या बांधावर बसून बिडी ओढायचात, तिथे आता टॉवर आहेत, त्यांच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले टॉवेल आहेत, खाली गाड्या लावायला दोन मजले आहेत. कोपऱ्यात विजेच्या डीपीला चिकटून एक तुकडा उरला होता, त्यावर काही बांधता येत नव्हतं. तो तुम्हाला दिलाय.

मला तुम्ही आठवता ते पंपहाउसमधले. मी शाळेतून परस्पर डबा घेऊन येतोय, नदीकाठच्या त्या एका खोलीत मोटर चालू आहे, बोललेलं ऐकू येत नाही म्हणून तुम्ही हातवारे करताय. डबा तिथे ठेव. हात धू. तिकडे जाऊ नको. मला वाटायचं गावाला पाणी तुम्हीच देता, आणि गावालाही तसंच वाटायचं, कारण एखाद्या आळीला पाणी कमी गेलं की बायका आपल्या दारात येऊन तुमच्या सात पिढ्या काढायच्या. आई त्यांना चहा द्यायची. चहा पिऊन झाला की त्या उरलेल्या पिढ्या काढायच्या. तुम्ही आत बसून सगळं ऐकायचात आणि त्या गेल्या की म्हणायचात, "बरोबर हाय त्यांचं. पाणीच न्हाय गेलं."

मग गाव कार्पोरेशनात गेलं. लोकांनी चावडीपुढे फटाके उडवले. कुणाला वाटलं रस्ते होणार, कुणाला वाटलं जमिनीला भाव येणार. तुम्ही पेढे वाटलेत, कारण पंचायतीच्या नोकरीला पेन्शन नव्हती आणि कार्पोरेशनच्या होती. "म्हातारपणाची काळजी मिटली," तुम्ही आईला म्हणालात. आई म्हणाली, "आधी पगार तर येळंवर येऊ द्या." तुम्हाला खाकी गणवेश मिळाला आणि एक रेनकोट. तो तुम्ही एकदाही घातला नाहीत, घडीसकट माझ्या हातात ठेवलात. "तुला हिंडायची खाज हाय. भिजू नको." तेव्हा तो मला घोट्यापर्यंत यायचा. पुढे तो माझ्याबरोबर इतका हिंडला की काखेत उसवला. एकदा खडकवासल्याच्या धरणावर एका हवालदाराने त्या रेनकोटाकडे बघून मला साहेबांचा माणूस समजून सलाम ठोकला, आणि मीही मान हलवून पाणी किती सोडलंय वगैरे चौकशी करून आलो. आयुष्यात कार्पोरेशनकडून मला मिळालेला मान तो तेवढाच. असो. विषय भाऊंचा आहे.

भाऊ, म्हणजे तुमच्या चुलतभावाचा मुलगा, आपल्या भावकीतला, दर दिवाळीला तुमच्या पाया पडणारा, आणि गावाचा पहिला नगरसेवक. तो आला की थेट स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसायचा. बाहेरच्या खोलीत मतदार बसायचे. मी दाराशी उभा राहून बघतोय, आणि तो मनगटावरचं कडं वर सरकवून पिठलं-भाकरी खातोय. "काकी, असलं पिठलं अख्ख्या पुण्यात न्हाय." आई तव्यावरची भाकरी उलटते. मग तो घास गिळून तुमच्याकडे वळतो.

"नाना, एक वाईट बातमी हाय. तुमच्या वावरावर आरक्षण पडलंय. मैदानाचं."

"म्हंजी काय?"

"म्हंजी आज ना उद्या कार्पोरेशन घेणार. तिच्या मनाला येईल तो भाव देणार. तोवर बांधायचं न्हाय, काही न्हाय. आणि इकत तरी कोण घेणार? पोरं खेळायच्या मैदानाला कोण पैसे मोजतंय?"

तुमच्या हातातली भाकरी तशीच राहते. भाऊ पाण्याचा तांब्या उचलतो, खाली ठेवतो. "माझा मेव्हणा तयार हाय घ्यायला. त्याला हौस हाय. मीच मागं लागलो त्याच्या, म्हटलं आमच्या नानांचं नुकसान नको व्हायला."

आणि तुम्ही काय करता? तुम्ही आईला म्हणता, "त्याला अजून एक भाकरी वाढ."

मेव्हण्याच्या नावावर जमीन झाली, आणि थोड्याच काळात आरक्षण उठलं. सभेत ठराव आला, हात वर झाले, मैदान गेलं. ठराव भाऊंनीच मांडला होता. ते आरक्षण उठणार हे त्यांना कधी कळलं असेल, असं लोक नंतर एकमेकांना विचारायचे. आपल्यासारखेच अजून चार-पाच जण होते, सगळे मेव्हण्याच्या हौसेचे बळी. मला विचाराल तर त्यांना पाटावर बसताना ठाऊक होतं. हे मी तेव्हाही बोललो, पारावर, चारचौघांत, "भाऊ चोर आहे." तुम्ही मागे उभे आहात हे मला दिसलं नव्हतं. कानाखाली बसल्यावर दिसलं. "आपल्या माणसाला चोर म्हणतोस? उद्या माझ्या मयताला कोण येणार? तुझे टॉवरवाले?" टॉवर तेव्हा अजून उभेही राहिले नव्हते, नाना. नुसते खड्डे खणले होते. तुम्हाला तेव्हापासून तुमच्या मयताची काळजी होती आणि मला वाटायचं, ह्या माणसाला जगायची काळजी का नाही?

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितो, कारण मला ते एकदा सलग लिहायचंय. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा कार्पोरेशनने सांगितलं, पंचायतीतली नोकरी आम्ही धरत नाही. गाव आमच्यात आल्यापासूनची तेवढी धरतो, आणि ती पेन्शनला पुरत नाही. म्हणजे तोच पंप, तीच नदी, तीच माणसं पाणी पिणारी, फक्त आधीची सगळी वर्षं तुम्ही बहुतेक स्वतःच्या करमणुकीसाठी मोटर चालवत होतात. पंचायतीतले सगळेच असे अडकले, दिवाबत्तीवाले, शिपाई, झाडलोट करणाऱ्या बायका. त्यांना गोळा केलं मावशींनी. सकाळी चावडीपासून देवळापर्यंत झाडत जायच्या त्या मावशी, ज्यांना सगळं गाव मावशी म्हणायचं आणि कुणी घरात बोलवायचं नाही. त्या आपल्या दारात आल्या होत्या. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून म्हणाल्या, "नाना, समदे मिळून कोर्टात चाललोय. तुमचं नाव पहिलं घालू. तुमचं वजन पडंल."

तुम्ही म्हणालात, "तुमचं ठीक हाय मावशी. तुम्हाला कोर्टाशिवाय कोण हाय? मला माझी भावकी हाय."

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "भावकी जेवायला बसवंल नाना. पेन्शन कार्पोरेशनच देती." आणि गेल्या. आई आतून सगळं ऐकत होती. तिने त्यांना चहा विचारला नाही, शिव्या देणाऱ्या बायकांना द्यायची तो. तेही मला आठवतं.

त्यानंतर तुम्ही दर सोमवारी भाऊंच्या ऑफिसात जाऊन बसायचात. प्लॅस्टिकची खुर्ची, मांडीवर टोपी. मी एकदा तिथून जाताना काचेतून पाहिलं होतं, आत टीव्हीवर क्रिकेट चालू होतं आणि तुम्हाला क्रिकेटमधलं काही कळत नाही, तरी तुम्ही टक लावून बघत होतात. भाऊ आतून बाहेर यायचे आणि जाता जाता म्हणायचे, "नाना, फाइल वर गेलीय." पुढच्या सोमवारी फाइल अजून वर. अशी ती वर वर जात राहिली आणि एक दिवस तुम्हीच गेलात. फाइलची भेट झाली असेल तर कळवा.

आता कावळ्याचं. सगळं त्याच्यापाशी अडकलंय. तुम्ही मयताची काळजी करायचात ना, तर मयत झकास झालं. दहाव्यालाही घाट भरला होता. वर मंडपात खुर्च्या, प्रवचनवाले महाराज, माइक, आणि खाली पायऱ्यांवर मी, डोकं भादरलेला, समोर पिंड. कावळा लिंबावर बसलेला. बघतोय, पण उतरत नाही. मामा म्हणाला, "बोल काहीतरी. त्यांचा जीव कशात अडकलाय ते बोल." मी म्हटलं, आईला सांभाळीन. कावळा हलला नाही. एका जागी नोकरी करीन, हे मी मनातल्या मनात म्हटलं, ते त्याला पटलं नसावं. वरती खुर्च्यांमधून लोक घड्याळं बघायला लागले होते, आयटीतल्या चुलतभावाने तर बॅग पाठीला लावलीच होती. तेव्हा आई तोंडाला पदर लावून मागून म्हणाली, "पेन्शनीचं म्हण." मी उभा राहून मोठ्याने म्हणालो, "नाना, पेन्शन मिळवू. मावशींबरोबर कोर्टात जाऊ." सगळ्या घाटाने ऐकलं. कावळ्याने मान दुसरीकडे फिरवली.

तेवढ्यात भाऊंची गाडी आली. माइकवरचा माणूस सुरू झाला, कार्यसम्राट, लाडके, वगैरे, आणि अख्खा घाट तिकडे वळला. मामाने शर्ट खाली ओढून सारखा केला. पुरुष झाडून सगळे पायऱ्या चढून वर गेले, भटजीसुद्धा. कुणाला नमस्कार करायचा होता, कुणाला दिसायचं होतं. पिंडाजवळ कुणी राहिलं नाही. मीही बाजूला होऊन चपला शोधत होतो, पण माझं लक्ष त्या कावळ्यावर होतं, कारण मला भाऊंकडे बघायचं नव्हतं. कावळा उतरला. दोन उड्या मारून पिंडाजवळ आला. मग वरून भाऊंचा आवाज आला, "नानांच्या नावाने ह्या गावात ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र उभं केल्याशिवाय हा तुमचा भाऊ स्वस्थ बसणार नाही!" आणि कुणीतरी मागे वळून बघितलं आणि ओरडलं, "शिवला! शिवला!" आधी माणसं हटली, मग कावळा उतरला, मग भाऊ बोलले. हे असं झालं. गावाने ते उलटं लावलं. बायका डोळे पुसायला लागल्या, भाऊंनी माइक सोडून आकाशाला हात जोडले. मी बोललो तेव्हा कावळा आला नाही, भाऊ बोलले तेव्हा आला. म्हणजे नानांना कोर्ट नको होतं, मान हवा होता. झालं, निकाल लागला. कार्पोरेशनच्या वकिलालाही एवढा स्वस्त साक्षीदार मिळाला नसता.

त्यानंतर कोर्टाचं नाव काढलं की मामा कावळ्याचं नाव काढायचा. आई गप्प बसायची, आणि मी ते गप्प बसणं म्हणजे तिला पटलंय असं धरून चाललो. मी पाहिलं ते तिला सांगितलं नाही. दर वेळी वाटायचं, तुम्ही समाधानाने गेलात एवढी एकच गोष्ट तिच्याकडे आहे, ती कशाला काढून घ्या? मग मी पुन्हा कुठेतरी निघून जायचो. भाऊंना स्वस्थ न बसता केंद्र बांधायला दहा-अकरा वर्षं लागली, त्यात ते बरेच स्वस्थ बसलेले मी पाहिले. आता का बांधलं, तर निवडणूक आलीय, आणि टॉवरवाल्यांनी मैदानाचा विषय काढलाय. हो, टॉवरवालेच, तुम्ही हसू नका. त्यांची पोरं खेळायला पार्किंगमध्ये जातात, गाड्यांना बॉल लागतात, त्यावरून भांडणं होतात. त्यातल्या कुणीतरी जुने नकाशे शोधून काढले आणि गेटवर पाटी लावली, 'येथे मैदान होते. कोणास सापडल्यास सोसायटीच्या ऑफिसात आणून द्यावे.' ती पाटी रोज कुणीतरी काढतं आणि रोज परत लागते. पेपरात फोटो आला. म्हणून भाऊंना आता स्टेजवर आई हवीय.

मंगळवारी ते घरी आले होते. आता ते बाहेरच्या खोलीतच बसतात, सोफ्यावर, बरोबर दोन माणसं. म्हणाले, "काकी, फार काही बोलायचं न्हाय. एवढंच म्हणा, नाना समाधानाने गेले, आमच्या घरच्यांची कुणाबद्दल काही तक्रार न्हाय."

"आन पेन्शन?" आई म्हणाली.

"ते मी बघतो ना. तुम्ही त्या कोर्टाच्या नादाला लागून भावकीचं हसं करू नका म्हणजे झालं. अहो काकी, कार्पोरेशन म्हणजे कोण? आपणच की."

आई त्यांच्या कपात चहा ओतता ओतता म्हणाली, "व्हय का? मंग इतकी वर्सं आपणच न्हाय दिली म्हणायची."

ती दोन माणसं हसली. भाऊंना हसावं लागलं. जाताना आईच्या पाया पडले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू काय करतोस सध्या? ये ऑफिसात, बघू काहीतरी." मी म्हटलं, "सोमवारी येऊ का?" त्यांना काही लागलं नाही. तुम्हाला लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी मावशींकडे गेलो. त्या आता खडकीला मुलाकडे राहतात. गुडघे गेलेत, पण आवाज तसाच आहे. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. ओळखल्यावर म्हणाल्या, "तू व्हय! रेनकोटवाला." मग सगळं सांगितलं. कोर्टाने त्यांची पंचायतीतली नोकरी धरायला लावली. कार्पोरेशन कुरकुरतंय, पण द्यावंच लागतंय. मिळणार फक्त केसमधल्यांना. तुमच्यासारखे जे बाहेर राहिले, त्यांच्या बायकांना केसमध्ये यायला अजून अर्ज घालता येतो, पण बाईने स्वतः घालायचा, आणि तो ह्याच महिन्यात. मी त्यांना रविवारचं सांगितलं. त्या एकदम ताठ बसल्या.

"ती माइकवर तक्रार न्हाय म्हणली ना, की उद्या पेपरात येतंय, आन परवा कार्पोरेशनचा वकील तेच कोर्टात वाचून दावतोय. झालं मग. कायमचं."

"तुम्ही येऊन सांगा ना तिला," मी म्हटलं. "माझं कोण ऐकतंय?"

"मी न्हाय यायची. तुझ्या बापाच्या दारात एकदा आले हुते. पुन्हा कशाला? गरज तुमची हाय." मग त्यांनी मला जेवायला बसवलं आणि मी जेवत असताना मला ऐकू जाईल अशा बेताने सुनेला म्हणाल्या, "ह्याच्या बापाने अख्ख्या गावाला पाणी पाजलं. मला तेवढं म्हणाला, तुम्हाला कोण हाय." नाना, जेवण झाल्यावर मी माझं ताट उचललं आणि मोरीवर जाऊन स्वतः विसळलं.

आज दुपारी आई लसूण सोलत बसली होती. मावशींचं आणि अर्जाचं तिला आधीच सांगून झालं होतं, उरलेलं तेही मी एकदाचं सांगून टाकलं. कावळा भाऊंच्या बोलण्याने आला नाही, माणसं हटली म्हणून आला, मी पाहिलंय. मला वाटलं ती रडेल नाहीतर मला घालवून देईल. तिने पाकळीचं साल फुंकून बाजूला केलं.

"मला ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"बाप्ये गेले पळत. आम्ही बायका तिथंच हुतो की. आमच्या समद्यांच्या समोर उतरला त्यो."

मी चिडलोच. म्हटलं, "मग इतकी वर्षं त्या मामाला बोलू का दिलंस? कोर्टात का गेली नाहीस?"

"कोर्टात जायचं न्हाय हे तुझ्या नानांनी जित्तेपणी ठरीवलं हुतं. त्याला कावळा कशाला पायजे? माणूस गेलं म्हणून लगीच त्याचा शब्द मोडायचा व्हय? लोक म्हणले आसते, नवऱ्याचा दहावा झाला आन बाई भावकीवर उठली."

"ते चुकले होते, आई."

मला वाटलं आता कानाखाली बसेल. ती लसूण सोलतच राहिली आणि म्हणाली, "चुकलेच हुते. मी काय येडी हाय? मी त्या दिशी मावशीला च्या बी न्हाय इचारला." मग हात पुसून उठली, माझा फोन मागितला आणि गच्चीत गेली. कुणाशी बोलली मला माहीत नाही. खाली आल्यावर तिने विचारलं, रविवारी किती वाजता आहे रे ते? मी सांगितलं. ती "बरं" म्हणाली. त्या 'बरं'चा अर्थ मी दुपारपासून लावत बसलोय आणि तो लागेना म्हणून हे लिहायला घेतलं.

तुमच्याशी भांडायचं होतं तेवढं भांडून झालं असं वाटत नाही. तुम्ही चोराला अजून एक भाकरी वाढायला सांगितलीत, हे मला कधी पचणार नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा गोड बोलायचीही गरज नाही. तुमच्या पत्त्यावर कार्पोरेशनचं इतक्या वर्षांत काही पोचलं नाही, माझं काय पोचणार? पण एक गोष्ट आईला सांगितली नाही, ती तुम्हाला सांगतो. काल संध्याकाळी मी त्या केंद्राकडे जाऊन आलो. पाटीवर वर्तमानपत्र चिकटवलंय. आजूबाजूला कुणी नव्हतं म्हणून मी वरचा कोपरा सोडवला. काळ्या दगडावर पांढऱ्या अक्षरांत तुमचं पूर्ण नाव, आजोबांच्या नावासकट. तुमचं नाव एवढं मोठं लिहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पगाराच्या चिठ्ठीवर असायचं तेवढंच, आणि तेही चुकलेलं. शिव्या द्यायला गेलो होतो, आणि तिथे एका बाकड्यावर बसून राहिलो. नाना, मला ती पाटी आवडली.

खाली रिक्षा थांबलीय. आई मला हाका मारतेय, जिना उतरून ये, एकटीने चढवणार नाही म्हणतेय. मी खिडकीतून वाकून पाहिलं. मावशी आल्यात.